गाण्यांचा डबा

१

आमच्या घरात दिवसा कोणी मोठ्याने बोलत नाही. बाबा बेकरीत रात्रपाळीला आहेत. आम्ही शाळेला निघतो तेव्हा ते परत येतात, अंगाला भाजलेल्या पावाचा वास घेऊन, आणि आतल्या खोलीत पडदा ओढून झोपतात. दोन खोल्यांच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूड आहे. इकडे कोणी शिंकलं की तिकडे पलंग करकरतो. झोप अपुरी झाली की बाबांना भट्टीपुढे डुलकी लागते, आणि अशाच एका डुलकीत त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला होता. तेव्हापासून आईने नियमच करून टाकला.

म्हणून आम्ही टकटक करतो. बोट वाकवून त्याच्या हाडाने, हलकेच, हाताशी असेल त्या लाकडावर. दोनदा म्हणजे 'कुठे आहेस?' एकदा म्हणजे 'आहे इथेच.' आई बाहेरच्या खोलीत बसून शिंप्याच्या दुकानातून आलेल्या शर्टांना काजं-बटणं करते. शिवणयंत्र तिने केव्हाच विकलं, त्याची घरघर चालणार नव्हती. तिने पाटावर दोनदा वाजवलं की मी जिथे असेन तिथून एकदा वाजवते. विचार करावा लागत नाही. पापणी लवते तसं होतं ते.

माझ्या धाकट्या बहिणीचं नाव बाबांनी भोंगा ठेवलंय. ती कुजबुजली तर रस्त्यापलीकडच्या माणसाला कळतं. तिचे दिवस या नियमात फार हालात जातात. मला मात्र हा नियम सोयीचाच होता. मला बोलायला जमत नाही. हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असलं तरी आधीची चार नावं सुरू झाली की मी तो एक शब्द मनात घोकायला लागते. घरात गप्प राहणारी मुलगी गुणी ठरते, तेवढाच मला आधार.

२

फोन मामाने आणला. मामा फोनच्या दुकानात काम करतो आणि त्याला गप्प बसणं माहीत नाही. बाबा उठल्यावर, संध्याकाळी, त्याने तो टेबलावर ठेवला. काळा, प्लास्टिकचा, हातात धरला तर खेळण्यासारखा हलका.

"मुलीच्या जातीला आत्तापासून फोन कशाला?" बाबा म्हणाले.

"भाऊजी, हा फोन कुठाय? सगळ्यात स्वस्तातलं, रिचार्ज मारून चालवायचं मॉडेल. कोणी घेत नव्हतं म्हणून मालकाने मला दिलं. आतलं सिम मी काढून टाकलंय. ना कोणाचा फोन येणार, ना हिचा कोणाला जाणार. नेट नाही, काही नाही. हा आता गाण्यांचा डबा आहे. आमच्या मौनीमहाराजांसाठी."

"आणि मला?" भोंगा ओरडली.

"तुला कशाला? तू स्वतःच रेडिओ आहेस."

बाबा हसले, म्हणजे परवानगी मिळाली. मामाने नखाएवढ्या कार्डात गाणी भरून दिली होती, काही गोष्टी, काही माझ्या धड्यांची वाचनंसुद्धा. वायरचे इअरफोन दिले. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात कायम एक ओळ असायची: सिम कार्ड नाही. मला ती ओळ आवडायची. खोलीचं दार आतून लावल्यासारखं वाटायचं.

दुपारी शाळेतून आलं, जेवलं की मी प्लायवूडला पाठ लावून बसायची. समोर आई सुईत दोरा ओवत असायची. भोंगा जमिनीवर पालथी पडून चित्रं रंगवायची. माझ्या कानात एखादी बाई मोठ्याने, मोकळ्या गळ्याने गात असायची आणि घरात कोणाला पत्ता नसायचा. मला वाटायचं, जगात याहून बरं काही नसेल.

३

त्या दुपारी एक गाणं संपलं आणि दुसरं लागलं नाही.

फोन बंद पडला असेल म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. गाण्याची पट्टी पुढे सरकत होती. काहीतरी वाजत होतं, नावाच्या जागी काहीच नव्हतं. मी आवाज वाढवला. खरखर नव्हती. एका खोलीचा आवाज होता.

खोलीला आवाज असतो हे दिवसा गप्प बसणाऱ्या माणसांनाच कळत असेल. रिकाम्या खोलीचा वेगळा असतो आणि कोणीतरी गप्प बसलंय अशा खोलीचा वेगळा. दुसऱ्या प्रकारच्या खोलीत हवा जरा अडते. मी असल्या खोलीत वाढले आहे, मला कळतं. माझ्या कानातल्या खोलीत कोणीतरी होतं आणि आवाज होऊ नये म्हणून जपून श्वास घेत होतं.

मग टकटक झाली. दोनदा. लाकडावर, बोटाच्या हाडाने.

मी शेजारच्या कपाटावर एकदा वाजवलं.

आईने मान वर करून पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. तिने भुवया उंचावून हात हलवले, म्हणजे मी नाही बोलावलं. तिच्या एका हातात सुई होती आणि दुसऱ्यात शर्टाची कॉलर, टकटक करायला तिच्याकडे हात मोकळाच नव्हता. भोंगा झोपून गेली होती, तोंडाशी रंगीत खडू.

कानात कोणीतरी श्वास सोडला. लांबलचक. खूप वेळ जड काही उचलून धरलेलं खाली ठेवताना सोडतात तसा. खुर्ची मागे सरकली. पावलं. कडी निघाली. दार उघडलं, आणि पुन्हा लागलं.

आणि लगेच पुढचं गाणं सुरू झालं.

मी इअरफोन काढून हातात धरले. मनाशी म्हटलं, रेकॉर्डिंग आहे. नाटकाचा तुकडा असेल, मामाने चुकून घातला असेल. कोणीतरी वाजवलं, थोडं थांबलं आणि निघून गेलं, एवढंच त्यात आहे. माझ्या टकटकीचा त्याच्याशी काय संबंध? रेकॉर्डिंगला ऐकू येत नाही.

दुसऱ्या कोणी ते ऐकलं असतं तर सरळ पुढचं गाणं लावलं असतं. उत्तर देण्याची सवय फक्त आमच्याच घराला आहे.

४

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना मी दुकानात गेले. मामा एका फोनच्या पोटात सुई खुपसून बसला होता.

"अरे वा! महाराज स्वतः आले. बोला."

मी फोन पुढे केला. "एक... नाव नसलेलं आहे त्यात. गाणं नाही."

त्याने कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. यादी वर-खाली केली. सगळ्याला नावं होती. तो नावं मोठ्याने वाचत गेला आणि मी मान हलवत गेले.

"कुठाय तुझं बिननावाचं?"

"काल होतं."

"अगं, स्वस्तातला माल आहे. मध्येच अडकतो, मध्येच खरखरतो."

"खरखर नव्हती. खोली होती."

"काय होती?"

सांगायला गेलं तर वाक्य वेड्यासारखं होत होतं. मी विचारलं, "आधी कोणाचा होता का हा?"

"कोणाचा असणार? सीलबंद खोका मी माझ्या हाताने फोडला. पडद्यावरची फिल्मसुद्धा तूच काढलीस." त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय गं, भीती वाटतेय का? परत घेऊ?"

त्या वेळी हो म्हणायला हवं होतं. पण परत दिला तर दुपारी करायचं काय, हा विचार आधी आला. मी नाही म्हटलं. मामाने सगळं पुसून गाणी नव्याने भरून दिली आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. रस्त्यावर आले तेव्हा वाहनांचा आवाज कमी वाटत होता. सर्दी झाली असेल म्हणून मी नाक दाबून कानात हवा भरून पाहिली.

५

कानांना दडे बसले असतील असंच मी आधी धरून चालले. शाळेत घंटा झालेली कळली नाही, सगळ्या मुली उठल्या म्हणून उठले. मधल्या सुट्टीत समोर शंभर तोंडं हलत होती आणि मला मात्र अगदी जवळून, चारी बाजूंनी, एक बारीक शांतता ऐकू येत होती. ती मला ओळखीची वाटत होती. मी वहीचं पान उलटलं. पानाचा आवाज मोठा झाला आणि भिंतींवर आपटून परत आला. वर्ग केवढा मोठा. हा आवाज लहान खोलीतला होता.

घरी येऊन मी इअरफोन कानात घातले. गाणं तरी ऐकू येतंय का ते बघू म्हटलं. मी अजून काही लावलंच नव्हतं. पडदा काळा होता.

आणि कानात रस्त्यावरून सायकल गेली. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. प्लायवूडमागे बाबा घोरत होते. आईने दात लावून दोरा तोडला, तो 'टक्' सुद्धा आला.

मी इअरफोन काढले. आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. नुसती ती खोली. पुन्हा घातले.

"...किती वेळ झाला, हात धू म्हणतेय ना," आई कुजबुजत होती, फोनमधून.

सिम कार्ड नाही, असं वर लिहिलेलंच होतं.

मी हात धुतले. पाण्याचा आवाज इअरफोनमध्ये आला नाही. माझ्या हातावरून पाणी जाताना मला दिसत होतं, आणि बाहेर, कानांच्या बाहेर, त्या दुसऱ्या खोलीत कुठेतरी ते पडत होतं.

६

आईला सांगायचं ठरवलं. ठरवायला मला वेळ लागतो. वाक्य आधी मनात तयार करावं लागतं. शेवटी तिच्या गुडघ्याशी बसले, इअरफोन काढले आणि म्हटलं, "आई, मला काहीतरी झालंय. मला इथलं ऐकू येत नाही."

माझा आवाज त्या खोलीत उमटला. मी तो स्पष्ट ऐकला.

आई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत, बाबा उठतील म्हणून आवाज दाबत. तिने माझी हनुवटी धरून हलवली.

मला कळेना. मी इअरफोन कानात घातले आणि तेच वाक्य पुन्हा म्हणायला लागले. माझे ओठ हलत होते. फोनमधून माझा आवाज आला, माझाच, पण मोकळा, जरा खट्याळ. "आणि शिंपीकाका म्हणाले असतील, वहिनी, बटणं लावायला दिली होती, गिळायला नाही."

"पुरे गं बाई," आई म्हणाली. "पोट दुखलं माझं. कुठून शिकलीस एवढं बोलायला?"

मी "आई, मी नाही, मी नाही बोलत" म्हणाले.

"तुझ्याकडूनच," माझा आवाज म्हणाला. "इतके दिवस नुसती ऐकत होते."

वर्गात तर इअरफोन घालायची सोयच नव्हती. तिथे मी फक्त बघायची. बाईंनी उभं केलं, मी पुटपुटले, "मला बरं वाटत नाही." सगळा वर्ग माझ्याकडे वळून हसला, टाळ्या वाजवताना हात दिसले. बाईंनी खडू खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जिने कधी माझ्याशेजारी डबा उघडला नव्हता ती मुलगी मधल्या सुट्टीत येऊन बसली, मला काहीतरी विचारत राहिली आणि उत्तरं ऐकून खूश होत राहिली. मी तोंड घट्ट मिटून धरायचा प्रयत्न केला. ते उघडलं. जबडा आतून कोणीतरी हळूच ढकलल्यासारखा.

घरी मामा आला होता. फोन परत घे म्हणून त्याच्या मागे लागायचं ठरवलं, तर त्याचा आवाज फोनमधून आला, "महाराजांनी मौन सोडलं! फोनचे गुण बघा. ताई, मला पेढे द्यायला पाहिजेत तुम्ही."

७

हात अजून माझे होते. ते मला उशिरा सुचलं.

आई पाणी आणायला उठली तेव्हा मी, इअरफोन कानातच ठेवून, शिंप्याचा चपटा खडू घेतला. वही जवळ नव्हती आणि वेळ घालवायची भीती वाटत होती. बटणांसाठी आलेला एक काळा कोट आईने माझ्या मांडीवर टाकला होता, त्याच्या पाठीवर मी लिहिलं: मी बोलत नाही. दुसरं कोणीतरी बोलतंय. फोन फोडून टाक.

आई आली, वाकली, वाचलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, डोळ्यांत. मी जिवाच्या आकांताने मान हलवत होते. क्षणभर वाटलं, झालं, कळलं तिला.

माझं तोंड उघडलं.

"अगं, नाटकातलं आहे! शाळेत बसवतोय. घाबरलीस ना? अय्या, आई घाबरली!"

"मेली!" आईने माझ्या दंडावर चापट मारली. "दुकानाचं कापड आहे. खडूचे खेळ कसले करतेस!" आणि तिने ब्रशने सगळं झटकून टाकलं. खडूची भुकटी उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिली.

माझ्या तोंडातून हसू फुटलं होतं. भरदुपारी, मोठ्याने. प्लायवूडमागे पलंग करकरला. पडदा सरला आणि बाबा दारात उभे राहिले, केस विस्कटलेले, डोळे लाल. आई चटकन उभी राहिली.

"अहो, चुकून..."

"असू दे," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांना असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. "पोरगी बोलायला लागली. झोप गेली खड्ड्यात."

मला रडू आलं. ते त्या खोलीत आलं. इथे माझे गाल कोरडे होते.

एकटी भोंगा जवळ आली नाही. ती चित्रावर पोट टेकून माझ्याकडे बघत होती. बाबा आत गेल्यावर तिने जवळच्या स्टुलावर दोनदा टकटक केली.

"काय गं?" माझा आवाज म्हणाला.

"टकटक कर ना."

"तोंड आहे की मला."

"पण तू आधी टकटक करायचीस."

मी केली. बोट वाकवून कपाटावर एकदा, जोरात, हाड दुखेपर्यंत. भोंगाला ऐकू गेलं नाही. ठोका त्या खोलीतल्या लाकडावर पडला. कपाटाकडे पाहिलं तर माझा हात तिथे नव्हताच. तो शांतपणे मांडीवर पडला होता आणि बोटं आईच्या बटणांशी खेळत होती.

८

डोळे सगळ्यात शेवटी गेले.

आधी फक्त कडेचं दिसेनासं झालं. आईच्या मागची खिडकी, मग आईचा खांदा. कडेने दुसरंच काहीतरी आत येत होतं, मातकट रंगाचं. डोळे मिटले की ते नीट दिसायचं, म्हणून मी पापणी लवू द्यायची नाही. पण पापणीही माझी राहिली नव्हती.

एक खोली. एक टेबल, एक खुर्ची, मागे सरकवलेली. दार आहे, त्याला आतल्या बाजूने कडी नाही. खिडकी नाही, तरी दिसण्यापुरता उजेड आहे. धूळ नाही. कोणी राहत नसलेल्या घरात धूळ असते.

टेबलाच्या कडेचा रंग एका जागी उडालाय. एका बोटाच्या हाडाएवढी जागा, गुळगुळीत, वाटीसारखी खोल झालेली. मी बोट त्यात ठेवून पाहिलं, बरोबर बसलं. भिंतीवरही तशा जागा आहेत. काही माझ्या खांद्याच्या उंचीला, काही त्याच्याही वर. काही कमरेएवढ्या. एक तर इतकी खाली आहे की तिथे वाजवायला भोंगालासुद्धा वाकावं लागेल. त्यानंतर मी भिंतीकडे बघितलेलं नाही.

घरचं ऐकू येणं मात्र थांबलं नव्हतं. आई, बाबा, माझा आवाज. कानाला अगदी चिकटून. मी कान दाबले तरी कमी व्हायचं नाही, आणि कमी झालं असतं तर मी काय केलं असतं मला माहीत नाही.

मग एक दिवस माझा आवाज म्हणाला, "भोंगा, हा डबा घे तुला."

"खरंच? कायमचा?"

"कायमचा. मला आता काय करायचाय?"

कानातून काहीतरी उपटल्यासारखं झालं आणि घर बंद झालं. आई नाही, रस्ता नाही, बाबांचं घोरणं नाही. मी किती वेळ तशी बसले ते सांगता येणार नाही. इथे वेळ कळायला काहीच नाही.

९

मग श्वास ऐकू आला. जवळून, जोरजोरात, चोंदलेल्या नाकाचा. हा श्वास मी कुठेही ओळखेन. भोंगाने इअरफोन घातले होते.

पहिल्यांदा ती गाणी ऐकत असावी, कारण ती बेसूर गुणगुणत होती आणि आई तिला दटावत होती. असं बऱ्याचदा झालं. मग एकदा तिचं गुणगुणणं मध्येच थांबलं.

ती ऐकते आहे. माझी खोली ऐकते आहे. मी श्वाससुद्धा जपून घेते.

मला माहीत आहे काय करायचं ते. तेवढं या खोलीत बसून कोणालाही कळेल. मी दोनदा वाजवायचं. भोंगा विचार करणार नाही, हात तिच्या आधी हलेल, आणि दार माझ्यासाठी उघडेल. माझं बोट त्या गुळगुळीत वाटीपाशी कितीदा गेलंय. एकदा तर हाड लाकडाला टेकलं होतं. आईचा आवाज ऐकू येत होता त्या वेळी, भाजी निवडताना ती स्वतःशी बोलते तसा. मी हात काखेत दाबून धरला आणि त्यावर झुकून बसले.

आवाज केला नाही तर भोंगा कंटाळेल. ती कशालाही कंटाळते. फोन कुठेतरी टाकून देईल, त्याचं चार्जिंग उतरेल, आणि मग मला आई ऐकू येणार नाही. मी ते ठरवलंय. ठरवायला मला वेळ लागला.

पण आज भोंगा कुजबुजली. तिची कुजबूज, सगळी खोली भरून गेली.

"ताई? ती तुझ्यासारखी हसते, पण ती तू नाहीस ना?"

मी तोंडात मूठ कोंबली.

"मी कोणाला नाही सांगणार. तू आहेस का तिथे?"

आणि तिने दोनदा टकटक केली. हलकेच, नियमाप्रमाणे, बाबा उठू नयेत म्हणून. इतकी हळू टकटक तिला आजवर कधी जमली नव्हती.

मी हलले नाही. माझं बोट आपोआप वाकलं होतं, ते मी दुसऱ्या हाताने धरलं.

माझ्या मागे, भिंतीत अगदी खाली, कोणीतरी एकदा वाजवलं.

"ताई!" भोंगाला आनंद आवरेना. "आई, ताई... नाही, काही नाही, गाणं आहे." मग श्वास रोखून, "आता तू बोलाव. मी आहे इथेच."

मी मागे पाहिलं नाही. नजरेच्या कडेला खाली काहीतरी आहे, बसलेलं, गुडघे पोटाशी घेतलेलं. लहान. ते इथे माझ्याही आधीपासून असणार, आणि श्वास घेत नसल्यामुळे मला कळलं नसणार. त्याने हात भिंतीकडे नेला. एकदा वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवण्यासाठी बोट मागे घेतलं.

मी टेबल बडवायला लागले.

दोन्ही हातांनी, तळव्यांनी, मुठींनी, कसंही. तीनदा, पाचदा, पुन्हा एकदा, मध्ये जागाच न सोडता, म्हणजे त्यात कोणाला दोन मोजता येणार नाहीत. भोंगाला हे काय ऐकू जात असेल? पत्र्यावर गारा पडल्यासारखं काहीतरी. तिने कानातून वायर काढून टाकावी म्हणून मी बडवते आहे. ती काढत नाही. ती दचकून हसते आणि म्हणते, "ताई, हळू, नीट वाजव ना, कळत नाहीये."

मागचं बोट थांबलेलं आहे. त्याला घाई नाही.

माझे हात भरून आले आहेत. मनगटातून कळ येते ती खांद्यापर्यंत जाते. भोंगा अजून कान लावून आहे, तिचं बोट स्टुलाच्या लाकडावर टेकलेलं असणार, तयार. आई तिला जेवायला हाक मारत नाही. दुपारी आमच्याकडे कोणी हाक मारत नाही. मी बडवते आहे.